झडप उघडल्याशिवाय

छकुली हे काही चाळिशीला टेकलेल्या बाईला शोभणारं नाव नव्हे. पण तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, नाट्यगृहात पाऊल टाकल्या टाकल्या सगळ्यांसमोर "छकुले, माझा पाळणा नीट चालतोय ना गं?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून सुतार, दिवेवाले, दिग्दर्शक, अगदी दाराशी बसणारा रखवालदारसुद्धा तिला छकुलीच म्हणू लागला. गळ्यातल्या ओळखपत्रावर वरिष्ठ अभियंता असं छापलेलं होतं. ते वाचायची तसदी कोणी घेत नव्हतं.

तिची कंपनी लहानशी. नाट्यगृहांच्या रंगमंचाखाली यंत्रं बसवायची आणि ती संगणकावरून चालवणारा प्रोग्राम लिहायचा, हा धंदा. मालक एक, त्याच्या हाताखाली दहा-बारा माणसं, आणि त्यात मालकाचा भाचा. त्यालाही नाव होतं, पण सगळे त्याला भाचाच म्हणत. पोरगा हुशार होता, हात भराभर चालायचे, फक्त एकदा चाललेल्या गोष्टीकडे पुन्हा वळून बघायची सवय नव्हती. पाळण्याचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. छकुली कंपनीत नंतर आली.

नव्या नाटकात ताईचा प्रवेश जमिनीतून होता. रंगमंचाच्या मधोमध एक लाकडी झडप. तिच्याखाली तळघरात लोखंडी फळी, तिला सगळे पाळणा म्हणत. संगीत चढत जायचं, झडपेची खिट्टी सुटायची, झडप बाजूला सरकायची, मग पाळणा वर यायचा आणि त्यावर उभी असलेली मेलेली राणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत भुईतून उगवायची. शेवटी पाळण्याखाली टेकू अडकला की राणीने निर्धास्त पाऊल उचलायचं. ती राणी म्हणजे ताई. कितीतरी वर्षं तिने आत्या, शेजारीण आणि दुसऱ्या अंकात मरणारी सासू केली होती. ही भूमिका मिळाली त्या दिवशी ती फोनवर नुसती हसतच होती, बोलणं सुचत नव्हतं.

तांत्रिक तालमीला ताई शिंप्याकडे अडकली. झगा लांब झाला होता, टाचण्या लावणं चाललं होतं. दिग्दर्शकाला धीर नव्हता. तो म्हणाला, "ताई नाही तर नाही. कपड्यांचा तो लाकडी स्टँड ठेवा पाळण्यावर, ताईएवढाच आहे. वर मुकुट अडकवा. मला प्रकाश बघायचाय."

स्टँड ठेवला. मुकुट अडकवला. नियंत्रण कक्षात, म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत, भाच्याने बटण दाबलं. संगीत चढलं. पाळणा निघाला. आणि झडप मात्र जागची हलेना. आदल्या दिवशी सुतारांनी फळ्यांना पॉलिश मारलं होतं, ते सांध्यात उतरून चिकटलं होतं. तळघरातून आधी कुरकुर ऐकू आली, मग सरळ लाकूड मोडल्याचा आवाज. कोणीतरी ओरडलं, दिवे लागले. झडपेच्या फटीतून मुकुटाचं एक सोनेरी पान तेवढं बाहेर डोकावत होतं.

छकुली धावत तळघरात गेली. स्टँडचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा मुकुटासकट चेपून चपाती झाला होता. ती तिथे उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, आणि ताईची उंची तिच्या नजरेपुढून हलेना.

तेवढ्यात झग्याच्या टाचण्या टोचू नयेत म्हणून जपून जपून ताई जिना उतरली. "काय गं, काय मोडलं?"

"स्टँड," छकुली म्हणाली. 

दुपारी मालक आला. त्याने तुकडे बघितले, पॉलिश बघितलं, सुतारांना चार शब्द सुनावले आणि भाच्याला म्हणाला, "दोन कामांच्या मध्ये दोन-दोन सेकंद थांबव. झालं काम." मग घड्याळ बघत निघून गेला.

छकुलीने काचेच्या खोलीचं दार लावून घेतलं. "दाखव मला कोड," ती भाच्याला म्हणाली.

"कोड बरोबर आहे मॅडम. हे बघा, सगळं क्रमाने आहे. खिट्टी सोड, झडप सरकव, पाळणा वर घे, टेकू लाव. चार कामांची चार फंक्शनं, त्यांची यादी केली, त्यावर फॉरईच फिरवलं, म्हणजे एकेकाला ओळीने हाक, आत अवेट टाकलं. अवेट म्हणजे थांब. मग चुकलं कुठे?"

"अवेट थांबतंय. पण कोण थांबतंय?"

भाच्याने तिच्याकडे बघितलं.

"फॉरईच कोणासाठी थांबत नाही रे. ते पहिल्या फंक्शनला हाक मारतं. ते फंक्शन मोटरला निरोप देतं आणि लगेच हातावर प्रॉमिस ठेवतं, की काम झालं की सांगतो. आता ते प्रॉमिस धरून कोणी बसायला हवं ना? तुझं फॉरईच ते बघतसुद्धा नाही. दुसऱ्याला हाक मारतं, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला. तुझं प्रत्येक अवेट आपापल्या घरात थांबलंय, बाहेर कोणाला त्याचा पत्ता नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत चारही मोटरींना हुकूम गेलेला असतो."

"पण इतके दिवस चाललं की."

"झडप हलकी आहे, पाळणा जड आहे. झडप आधी पळायची, पाळणा रडत रडत मागून यायचा. ते तू लावलेल्या क्रमामुळे होत नव्हतं, नशिबाने होत होतं."

भाचा खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा उतरला होता.  तो म्हणाला, "मग दोन सेकंदांचं थांबणं टाकू? मामा म्हणाले तसं?"

"आज झडपेला किती वेळ लागला?"

"ती तर उघडलीच नाही."

"मग दोन सेकंदांनी काय झालं असतं?"

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. 

मग दोघं बसली. छकुलीने टेबलावर मोटरींच्या जागी चार छोटे दिवे असलेली चाचणीची पाटी जोडली. "साखळी करायची," ती म्हणाली. "सुरुवातीला एक आधीच पूर्ण झालेलं प्रॉमिस हातात घ्यायचं. त्याला देन, म्हणजे 'हे झालं की मग', लावून पहिलं फंक्शन. त्यातून जे प्रॉमिस परत येईल त्याला देन लावून दुसरं. असं करत शेवटपर्यंत. यादी आहेच, रिड्यूसने एकामागे एक ओवत जा. झडपेचा सेन्सर 'मी पूर्ण उघडले' म्हणेल तेव्हाच झडपेचं प्रॉमिस पुरं होईल. तोवर पाळण्याच्या फंक्शनला कोणी हाकच मारणार नाही."

भाच्याने फर्रकन लिहिलं, बटण दाबलं. चारही दिवे एकदम लागले.

"अरेच्चा!"

छकुलीला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. "देनच्या आत फंक्शनच्या नावापुढे कंस घातलेस. कंस घातलास म्हणजे तू त्याला तिथल्या तिथेच हाक मारलीस. नुसतं नाव दे. हाक मारायचं काम साखळीचं आहे, तुझं नाही."

त्याने कंस खोडले. पहिला दिवा लागला. सेन्सरच्या जागी ठेवलेलं बटण छकुलीने दाबलं, तेव्हा दुसरा लागला. तिने मुद्दाम हात मागे घेतला. तिसरा दिवा लागेना. दोघं बघत बसली. थोड्या वेळाने पाटीवर लाल दिवा पेटला आणि सगळं शांत झालं.

"हे काय?"

"झडपेने ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, म्हणून तिचं प्रॉमिस मोडलं. मोडलं की पुढचे सगळे देन गळून पडतात आणि गाडी थेट शेवटच्या कॅचमध्ये जाते. कॅच म्हणजे बिघडलं तर काय करायचं ती जागा, तिथे मी ब्रेक ठेवलाय."

"म्हणजे घड्याळ तुम्हीही लावलंतच की!"

"लावलं. पण माझं घड्याळ माघार घ्यायला आहे. मामांचं पुढे जायला."

संध्याकाळच्या तालमीत साखळी चालवून बघितली. सुतारांनी झडप घासून मोकळी केली होती, तरी प्रवेशाला आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागला. पुन्हा केलं, तर थोडा कमी. तिसऱ्यांदा, थोडा जास्त. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. "अगं बाई, संगीत ठरलेलं आहे! झांजेचा ठोका पडतो तेव्हा राणी वर हवी. तुझी राणी झांजेनंतर डुलत डुलत येते. हे भूत आहे की बस?"

ताई पाळण्यावर उभी होती. तिचं डोकं अजून झडपेच्या भोकातून नुसतं बाहेर आलं होतं, तिथूनच ती म्हणाली, "छकुले, मला मेलीला खाली अंधारात किती ताटकळत ठेवशील?" सगळे हसले.

रात्रीचं जेवण आईकडे होतं. दोघी बहिणी महिन्यातून एकदोनदा तरी आईकडे जेवायच्या. आईने भाजी वाढली, भाकरी पुढे सरकवली. ताईनेच सुरुवात केली.

"मालकांचा फोन आला होता मला. म्हणाले, तुमच्या बहिणीला समजवा. दोन सेकंदांचं थांबणं घातलं की संगीतात बसतं."

"बसतं."

"मग?"

"मग एखाद्या दिवशी झडप अडकली की तू तिच्यावर आपटशील. लोखंडी फळी खालून ढकलत राहील."

"सुतारांनी घासलीय ना ती."

"आज घासली. उद्या पाऊस पडला, लाकूड फुगलं. परवा कोणाचा तरी खिळा पडला. ताई, घड्याळ झडपेला विचारत नाही. दोन सेकंद झाले, चला पुढे. माझी साखळी विचारते."

ताईने घास खाली ठेवला. "तुला ठाऊक आहे मी किती वर्षं थांबले ते? लोकांना माझं नावसुद्धा आठवत नाही, ती नाटकातली मावशी म्हणतात. आता कुठे एक प्रवेश असा मिळाला, की लोक श्वास रोखतील. आणि तू, सख्खी बहीण, तोच लांबवत बसलीस. लहानपणी झाडावर चढले की खालून माझा फ्रॉक ओढायचीस, तशीच अजून."

"आणि तू पडायचीस."

"एकदा पडले!"

"हात मोडला होतास," आई मध्येच म्हणाली. "पण फ्रॉक ओढल्यामुळे पडलीस की ओढूनही चढलीस म्हणून, ते काही मला अजून कळलेलं नाही. भाजी घ्या."

 जाताना ताईने चपला घालता घालता मान वर न करता म्हटलं, "उद्या पहिला प्रयोग आहे. मला शुभेच्छा दे, अडथळे नको." आणि ती गेली. छकुली बराच वेळ दारात उभी राहिली. बहिणीचं मन मोडून बरोबर ठरण्यात काही सुख नसतं, हे तिला त्या दारात चांगलंच कळलं. पण तिचं म्हणणं तसूभरही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोग दुपारचा होता. छकुली काचेच्या खोलीत शिरली तेव्हा भाचा पडद्यासमोर पाठमोरा बसला होता. तिची चाहूल लागूनही तो वळला नाही.

"काय झालं?"

"मामा सकाळी येऊन बसले होते," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "साखळी काढायला लावली. दोन सेकंदांचं थांबणं घातलंय. वर पासवर्ड बदललाय. मला तो सांगायची मनाई आहे."

छकुलीने पर्स टेबलावर ठेवली. मग ती प्रेक्षागृहातून चालत गेली, रंगमंचाच्या पायऱ्या चढली आणि झडपेच्या अगदी मधोमध मांडी घालून बसली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. एक सुतार म्हणाला, "छकुलीबाई, जरा सरका, पडद्याची दोरी ओढायचीय." ती म्हणाली, "दोरी ओढा, मी आडवी येत नाही. पण इथून उठणार नाही." मग दिवेवाला आला, मग दिग्दर्शक, मग कोणीतरी फोन केल्यावर मालक.

"हा काय तमाशा?" मालक म्हणाला.

"तमाशा अर्ध्या तासाने आहे. मी त्याच्याआधीची तपासणी करतेय."

"उठ तिथून."

"साखळी परत टाका, उठते."

"बहिणीच्या मायेने आंधळी झालीयस तू. म्हणून सांगत होतो, घरचं माणूस असेल तिथे कामाला पाठवू नये."

हे तिला लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. पण तिने आवाज चढू दिला नाही. "पाळण्यावर तुमचा ड्रायव्हर उभा असता तरी मी इथेच बसले असते. खरं वाटत नसेल तर सोपं आहे. तुमच्या प्रोग्रामवर तुमचा विश्वास आहे ना? तळघरात जा, पाळण्यावर उभे राहा. मी झडपेवरून उठते आणि नुसती तिची कड धरून ठेवते. दोन सेकंद होऊन जाऊ देत. बघू."

 सगळ्यांच्या नजरा मालकाकडे. त्याने कोटाचं बटण लावलं, मग काढलं.

"माझं वजन जास्त आहे," तो म्हणाला. "पाळण्याला झेपायचं नाही."

दिवेवाल्याला ठसका लागला.

"तीन माणसांचं वजन पेलतो तो. कंपनीच्या जाहिरातीत तुम्हीच छापलंय," छकुली म्हणाली. "मग दिग्दर्शक जातील? त्यांचं वजन बेताचं आहे."

दिग्दर्शक दोन पावलं मागे सरकला. "मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "मला फक्त झांज कळते."

"तुझी नोकरी गेली असं समज," मालक दात आवळून म्हणाला.

"समजले. आता मला इथून कोण उचलणार, तेवढं सांगा."

तेवढ्यात ताई विंगेतून आली. पूर्ण राणीच्या वेशात, डोळ्यांभोवती काळं, डोक्यावर घाईघाईने जोडलेला नवा मुकुट. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. तिने मालकाकडे बघितलं, दिग्दर्शकाकडे बघितलं.

"उभं राहायला कोणीच तयार नाही होय?" तिने विचारलं.

मालकाने कोटाचं बटण पुन्हा लावलं.

"वा. म्हणजे काल मला समजावत होतात ते हे." तिने झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि छकुलीसमोर उभी राहिली. अजून रागावलेलीच होती. "तुझ्या त्या साखळीने मला वेळ जास्त लागणार. किती, तेही नक्की नाही. बरोबर?"

"बरोबर. झडपेला जेवढा लागेल तेवढा."

"आणि मी चेपणार नाही."

"नाही. झडप पूर्ण उघडल्याशिवाय पाळणा हलणारच नाही."

ताई दिग्दर्शकाकडे वळली. "मी हिच्या साखळीवर वर येईन. नाहीतर विंगेतून चालत येईन, स्लिपर फटफट वाजवत. तुम्ही ठरवा."

"पण झांज!" दिग्दर्शक जवळजवळ रडकुंडीला आला होता.

मागच्या बाजूने, प्रेक्षागृहाच्या टोकाकडून, ध्वनीवाल्याचा आवाज आला. हा माणूस आठवडाभर कानांवर हेडफोन लावून बसलेला, कोणाशी अवाक्षर बोललेला नव्हता. "मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "झांजेच्या आधीचा तो लांब सूर मी हवा तितका वेळ फिरवत ठेवू शकतो. राणी वर आली असं कोणी सांगितलं की झांज सोडायची. फक्त सांगायला कोणीतरी हवं."

छकुलीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "साखळीच सांगेल," ती म्हणाली. "टेकू लागला की त्याच्यापुढे आणखी एक देन. त्यात तुमची झांज."

मालक काही बोलणार होता, पण दिग्दर्शकाने त्याचा दंड धरला. "पासवर्ड द्या हो त्यांना," तो म्हणाला. "लोक दारात उभे आहेत."

भाच्याने साखळी परत टाकली, झांजेचा दुवा शेवटी जोडला आणि छकुलीने तो दोनदा तपासला. तोवर ती झडपेवरून उठलेली नव्हती. त्याने लॅपटॉप तिथेच आणून दिला होता.

प्रवेशाच्या वेळी ती काचेच्या खोलीत उभी होती. सूर सुरू झाला. झडप सरकली, सावकाश. प्रेक्षकांतलं कोणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. तो सूर लांबत गेला, लांबत गेला, लोक खुर्च्यांत पुढे सरकले, आणि भुईतून मुकुट वर आला, मग कपाळ, मग ते काळे डोळे. ताई पूर्ण वर आली, टेकू लागला, आणि त्याच क्षणी झांज वाजली. पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. दिग्दर्शक नंतर सगळ्यांना सांगत फिरला, की एवढं थांबवण्याची कल्पना मूळ त्याचीच.

छकुलीची नोकरी गेली नाही. म्हणजे मालकाने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ती रोज येत राहिली. ताई मात्र अजून तुटकच बोलायची. माणूस खरा ठरला म्हणून त्याच्यावरचा राग जातो असं नाही.

चौथ्या प्रयोगाला साखळी थांबली.

सूर चालू होता. खिट्टी सुटली. झडप हलली, वीतभर सरकली आणि अडली. मुदत संपली. काचेच्या खोलीत लाल दिवा लागला, पाळण्याचा ब्रेक बसला. सूर फिरत राहिला. ध्वनीवाला काचेतून छकुलीकडे भुवया उंचावून बघत होता आणि ती हाताने खूण करत होती, चालू ठेव, चालू ठेव. तळघरात ताईला एवढंच दिसलं, की डोक्यावर वीतभर उजेड आहे आणि पाळणा हलत नाही. ती क्षणभर थांबली. मग पाळण्यावरून उतरली, झगा काखेत धरला, तळघराचा जिना धावत चढली, विंगेतून रंगमंचावर आली आणि उंबरठ्यावर पाऊल ठेवावं तशी थबकली. छाती धपापत होती. मेलेली राणी धापा टाकतेय, हे प्रेक्षकांना भयानक वाटलं म्हणतात.

पडदा पडल्या पडल्या मालक आत आला. बहुधा त्या दिवशी त्याने कोणी पाहुणे आणले होते. "बघितलंस? तुझ्या कोडने प्रयोग थांबवला!"

"पाळणा थांबवला," छकुली म्हणाली. "प्रयोग चालू होता."

"लोकांसमोर नाचक्की!"

ती त्याला काही न बोलता झडपेपाशी घेऊन गेली. भाचा आधीच पोटावर झोपून फटीत टॉर्च मारत होता. झडपेच्या रुळात दिव्याच्या केबलला बांधायची प्लास्टिकची पट्टी अडकली होती, बोटाएवढी. कोणीतरी कापून टाकलेली. भाच्याने ती पक्कडीने ओढून काढली आणि मालकाच्या तळहातावर ठेवली. सगळे त्या पट्टीकडे बघत राहिले. ताईही होती. तिने मुकुट काढून हातात घेतला होता. ती वाकली, झडप उघडली होती तेवढ्या फटीत तिने आपला तळहात उभा धरून बघितला, मग हात काढून घेतला.  तिने मुकुट दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ठीक आहे," मालक म्हणाला. "इथे राहू दे तुझी साखळी."

आणि तो "इथे" शब्द छकुलीच्या कानात काट्यासारखा रुतला. तिने भाच्याकडे बघितलं. भाच्याने टॉर्च बंद केला.

"इथे म्हणजे?" तिने विचारलं. "हा प्रोग्राम आणखी कुठे आहे?"

"तुला काय करायचंय?"

"भाच्या, कुठे आहे?"

भाच्याने मामाकडे बघितलं नाही. "आणखी दोन नाट्यगृहांत. एक नदीपलीकडचं जुनं, आणि एक ते मुलांच्या नाटकांचं. दोन्हीकडे माझं पहिलंच कोड आहे. फॉरईचवालं."

मुलांच्या नाटकांचं. छकुली मालकाकडे वळली.

"तिथे काही झालेलं नाही," मालक भराभर बोलू लागला. "हंगाम संपला की सावकाश बदलू. आता फोन करून सांगायचं, की आमचं यंत्र धोक्याचं आहे? कंपनी बसेल माझी. उद्यापासून कोण काम देईल?"

"आज बंद ठेवायला सांगते. उद्या भाचा आणि मी जाऊन साखळी टाकून येतो. एका दिवसाचं काम आहे."

"फोन केलास तर या कंपनीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. या वेळी मी विसरणार नाही."

छकुलीने फोन काढला. तिच्या अंगठ्याला घाम आला होता, कुलूप उघडेना. दोनदा पुसावा लागला. मुलांच्या नाट्यगृहाचा नंबर तिने मालकाच्या डोळ्यांसमोर लावला. पलीकडे व्यवस्थापिका होती. छकुलीने सरळ सांगितलं, कोण बोलतेय, कुठल्या कंपनीतून, आणि आज संध्याकाळच्या खेळाला झडप वापरू नका. कारणही सांगितलं, न लपवता.  मग बाई म्हणाल्या, "आमचा ससा येतो हो त्यातून. सहा वर्षांची मुलगी आहे." छकुली म्हणाली, "आज सशाला दारातून येऊ द्या."

मालक तोवर निघून गेला होता. त्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज आत ऐकू आला.

दुसऱ्या नंबरला, नदीपलीकडच्या नाट्यगृहातून, लागलीच उत्तर आलं, पण तिथला माणूस ऐकून घेईना. "अहो बाई, तुम्ही कोण का असेनात," तो म्हणत होता, "आमचं यंत्र दोन वर्षं लोण्यासारखं चालतंय. मालकांचा फोन आल्याशिवाय मी काही बंद करणार नाही." ती पुन्हा समजावू लागली, फॉरईच, प्रॉमिस, सेन्सर, आणि तिचं तिलाच कळत होतं की त्याच्या कानात यातलं काही शिरत नाहीये.

तिच्या खांद्यावरून एक हात आला. नखांना राणीचा काळा रंग.

"दे इकडे," ताई म्हणाली. "तो बारा वर्षं तिथे बसलाय. त्याच्या हाताखाली मी सासू म्हणून मेलेय. तुझं नाही ऐकायचा तो." तिने फोन कानाला लावला, घसा खाकरला आणि रंगमंचाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाली, "ओळखलंत का? मी बोलतेय. आता तोंड मिटा आणि माझी बहीण सांगते ते नीट ऐका."